सीताफळांची सवड

उज्ज्वला पोमणने तो गुलाबी कागद पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तिला वाटलं की पोरीने पुण्याहून आकाशकंदिलासाठी आणला असावा. दिवाळी आठवड्यावर आली होती. तिने कात्री शोधून काढली, कागदाची घडी घातली आणि पहिला काप घेणार तोच ईश्वरी ओल्या केसांनी न्हाणीतून बाहेर आली.

"आई, तो कापू नकोस. प्रयोगशाळेतलं माझं दोन वर्षांचं काम आहे ते."

"या कागदाला दोन वर्षं लागली?" उज्ज्वलाने कात्री खाली ठेवली. "दुकानात तर गठ्ठेच्या गठ्ठे मिळतात की."

ईश्वरी हसली. तिने कागद सरळ केला आणि मागच्या दारी गेली. तिथे विलासने, म्हणजे तिच्या वडिलांनी, सकाळी तोडलेल्या सीताफळांच्या पेट्या लावून ठेवल्या होत्या. एका पेटीच्या झाकणाला तिने आतून कागद चिकटवला, झाकण लावलं आणि वर खडूने फुली मारली. शेजारची पेटी तशीच ठेवली.

"आता काय?" विलासने विचारलं.

"आता काही नाही, पप्पा. फक्त रोज बघायचं."

पुरंदर तालुक्यातल्या बोरमाळ गावात सीताफळाकडे रोज बघायचं असतं हे सांगावं लागत नाही. फळाचे डोळे उघडले की ते तोडायचं, आणि तोडलं की त्याची घाई सुरू होते. तीन दिवसांत ते लोण्यासारखं होतं, आणि त्यानंतर नुसता हात लावला तरी फुटतं. कडक फळ पुण्या-मुंबईला जातं. वाटेत मऊ पडलेलं कुणी घेत नाही. अशी सगळ्या गावाची मऊ पडलेली सीताफळं उज्ज्वलाच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची. तिथे चौदा जणी डोक्याला टोप्या आणि हातात मोजे घालून बसायच्या, बिया काढायच्या, गर पिशव्यांत भरायच्या आणि फ्रीझरमध्ये टाकायच्या. तो गर रबडीवाले आणि आइस्क्रीमवाले वर्षभर नेत. सीताफळ कुणासाठी थांबत नाही, या एका गोष्टीवर उज्ज्वलाची शेड उभी होती.

त्या दिवशी दुपारी ईश्वरीही मोजे घालून आईशेजारी बसली. तिच्या कागदाची बातमी बायकांपर्यंत पोचलेली होतीच.

"ईश्वरे, काय असतंय गं त्या कागदात?" मंदाने विचारलं. मंदा शेजारच्या घरातली, शेड सुरू झाली तेव्हापासूनची.

"टेट्राझिन नावाचं रसायन असतं, मंदाकाकू." ईश्वरीने हातातलं फळ उकललं. "बेंझिन म्हणून एक कडं असतं. सहा कार्बन गोलाकार जोडलेले. त्यांच्यात सहा इलेक्ट्रॉन असे असतात की ते कुणा एकाचे नसतात, सगळ्या कड्याभर फिरतात. त्यामुळे ते कडं फार स्थिर असतं, कुणाशी सहजासहजी जोडलं जात नाही. आता त्यातले चार कार्बन काढून त्यांच्या जागी नायट्रोजन बसवले. नायट्रोजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो. मग कडं दिसायला तसंच गोल नि सपाट राहतं, पण इलेक्ट्रॉनसाठी भुकेलेलं असतं. आणि त्याचा रंग होतो गुलाबी."

"आणि सीताफळाशी त्याचं काय नातं?"

"फळ पिकायला लागलं की त्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. तो शेजारच्या फळाला लागला की तेही पिकायला लागतं."

"पिकलेलं केळं ठेवलं की अख्खी पेटी पिकते, तसं?"

"तसंच. या इथिलीनकडे इलेक्ट्रॉन भरपूर असतात. भुकेलं कडं त्याला पकडतं, आपल्यात जोडून घेतं आणि दोन नायट्रोजन बाहेर सोडतं. तो साधा हवेतलाच नायट्रोजन, त्याचा त्रास नाही. मात्र जोडणी झाली की गुलाबी रंग जातो. कागद पांढरा पडला की समजायचं, त्याचं काम संपलं. तोवर फळाला पिकायचा निरोप पोचतच नाही."

उज्ज्वला बोटांनी बिया मोकळ्या करत ऐकत होती. तिला पोरीचं कौतुक वाटत होतं. लहानपणी फ्रीझरच्या दारावर चढून बसणारी ही मुलगी आता चौदा बायकांना अशी समजावून सांगत होती की सगळ्यांचे हात चालू राहून कान तिच्याकडे होते.

"एकच अडचण आहे," ईश्वरी म्हणाली. "हे असं व्हायला फार वेळ लागतो. सगळे नमुने गोगलगायीसारखे चालतात. माझा सातवा नमुना तेवढा हजारपटीने वेगात चालतो. आणि का, ते मला सांगता येत नाही. भूक मोजली तर ती बाकीच्यांइतकीच आहे."

"चालतंय ना? मग झालं," मंदा म्हणाली.

ईश्वरीला ते पटलेलं नव्हतं हे उज्ज्वलाला दिसलं.

बिनकागदाची पेटी ठरल्याप्रमाणे मऊ पडली आणि शेडमध्ये आली. फुलीवाली पेटी भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी तशीच हिरवी राहिली. विलास रोज झाकण उघडून बघायचा आणि गावातल्या कुणाला तरी बोलावून दाखवायचा. शेवटी कागद पांढरा पडला, फळं पिकली आणि ईश्वरीने फोनवरून सांगितल्याप्रमाणे विलासने ती सगळ्यांच्या घरी एकेक वाटली. चवीत काही फरक नव्हता. उज्ज्वलाने स्वतःच्या वाटणीचं फळ मागच्या पायरीवर बसून खाल्लं. ते इतकं गोड होतं की तिला जरा भीतीच वाटली.

पुढच्या हंगामापर्यंत एका कारखान्याने कागद बनवायला घेतला. बोरमाळच्या प्रत्येक पेटीला गुलाबी झाकण आलं. ज्या शहरांची नावं गावाने फक्त बातम्यांत ऐकली होती, तिथले बिनचालकाचे ट्रक माळावर येऊन उभे राहू लागले. फळ आता प्रवासात मऊ पडत नव्हतं. बागायतदार खूश होते, विलास तर सर्वांत जास्त.

शेडमध्ये मात्र मऊ फळ येईना. पहिले काही दिवस उज्ज्वला म्हणायची, यंदा हंगाम उशिरा आहे. मग बायका अर्धा दिवस काम करून घरी जाऊ लागल्या. मग एक दिवसाआड येऊ लागल्या. शालन तेवढी रोज यायची, आणि मंदा आलेली असली तर दाराशी थबकायची. शालन आणि मंदा एकमेकींच्या जावा. दोघींच्या घरांमधल्या भिंतीवरून त्यांचं बोलणं बंद होतं, पण शेडमध्ये जागा नेमलेल्या होत्या आणि दोघींच्या जागा शेजारी शेजारी होत्या.

"पोरीला सांगा की," मंदा एकदा म्हणाली.

"काय सांगू? कागद बनवू नकोस म्हणून?"

ईश्वरीचा फोन रोज यायचा. आज कुठल्या देशात पेट्या पोचल्या, कोणत्या परिषदेत बोलायला बोलावलंय, हे ती सांगायची आणि विचारायची, "शेड कशी चाललीय?" उज्ज्वला म्हणायची, "चाललीय की." हे म्हणताना ती फ्रीझरची रिकामी फळी पुसत असायची.

दिवाळीच्या दोन दिवस आधी ईश्वरी न कळवता आली. ती थेट शेडकडे गेली. आत उज्ज्वला एकटी होती आणि स्टुलांचे पाय घट्ट करत होती.

"बाकीच्या कुठायत?"

"आज सुट्टी दिली."

ईश्वरीने फ्रीझर उघडला, मिटला. तिचा चेहरा उतरला. ती स्टुलावर बसली, ते स्टूल डुगडुगलं.

"कधीपासून?"

"यंदापासूनच. मऊ फळच नाही ना गं."

"आणि तू मला रोज सांगत होतीस की चाललीय."

"तू इतकी आनंदात होतीस. त्यात मी हे रडगाणं कुठं घालू?"

"आई, मी दोन वर्षं इथिलीनचा विचार केला," ईश्वरी म्हणाली. "तुझा एकदाही केला नाही. इथंच बसून या सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि या फळांचं काय होणार हे माझ्या डोक्यात आलं नाही."

"माझ्याही नाही आलं लगेच. तुझ्या बापाच्या फळाला भाव मिळाला, तेव्हा मीच पेढे वाटले."

विलास दारात येऊन उभा राहिला होता. त्याने दोघींचं ऐकलं. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मी निम्म्या पेट्यांना कागद नाही लावणार."

"म्हणजे चांगलं फळ मुद्दाम नासवायचं होय?" उज्ज्वला म्हणाली. "तसलं काही नको. लोक हसतील."

तिघंही तसेच घरी आले.

पाडव्याच्या सकाळी गावातले फोन वाजू लागले. दूरवर गेलेल्या गाड्यांमध्ये फळ पाणी होऊन गळत होतं. वाटेवरच्या गाड्या मागे वळवल्या. कागद गुलाबीच होता, नवा कोरा वाटावा इतका गुलाबी, पण त्याने काहीच पकडलं नव्हतं. दुपारपर्यंत पोमणांच्या ओट्यावर माणसं जमली. कुणी आवाज चढवला नाही, पण सगळे ईश्वरीकडे बघत होते, आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला शोधावं लागेल. मला अजून माहीत नाही."

संध्याकाळी वाटेवरून परतलेल्या गाड्या शेडसमोर लागल्या. त्यांना दुसरीकडे जायला जागाच नव्हती. उज्ज्वलाने मंदाला हाक मारली, मंदाने बाकीच्यांना. चौदाच्या चौदा जणी आल्या, त्यांच्या सुना आल्या, ओट्यावरची माणसंही हात धुऊन बसली. फुटलेली, वास मारणारी फळं बाजूला काढली आणि उरलेल्यांचा गर काढला. फ्रीझर भरले, तेव्हा सासवडच्या शीतगृहात जागा मागितली. कित्येक दिवसांनी शेडमध्ये कुणीतरी गाणं म्हटलं, कुणीतरी त्याची टिंगल केली. उज्ज्वलाचे हात भराभर चालत होते, आणि आपण मनातून खूश आहोत हे तिला एकदम जाणवलं. तिने वर पाहिलं. समोर ईश्वरी खाली मान घालून बिया काढत होती. उज्ज्वलाला आपल्या आनंदाची लाज वाटली. तिने मोजा काढला आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"जा पुण्याला," ती म्हणाली. "शोध जा. इथलं आम्ही बघतो."

"सापडलं तर तुझी शेड पुन्हा रिकामी होईल."

"ते मग बघू. चुकलेलं तसंच राहू देणारी पोरगी नाही वाढवली मी."

ईश्वरी परतली ती थंडी सुरू झाल्यावर. गालफडं बसली होती, पण डोळे हसत होते. शेडमध्ये अजून हंगामाच्या शेवटी मऊ पडलेल्या फळांचा गर भरणं चाललं होतं. तिने मोजे घातले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सापडलं. आणि चुकलं कुठं तेही."

"बोल," उज्ज्वला म्हणाली.

"मी म्हणाले होते ना, कडं भुकेलं असतं म्हणून ते इथिलीन पकडतं? ते खरं, पण अर्धंच. कडं सपाट असतं. इथिलीन पकडायचं तर त्याला वाकावं लागतं, आणि वाकायला कष्ट पडतात. बाकीचे नमुने तिथंच अडायचे. माझ्या सातव्या नमुन्यात कड्याला बाजूने आणखी एक कडं जोडलेलं आहे, त्यातही एक नायट्रोजन आहे. नायट्रोजनकडे दोन इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते, ती कुठल्याच बंधात गुंतलेली नसते, एका बाजूला तोंड काढून असते. सातव्यात बाजूच्या कड्याचा नायट्रोजन मुख्य कड्याच्या नायट्रोजनला अगदी खेटून आलाय. दोघांच्या त्या मोकळ्या जोड्या एकमेकींना ढकलतात."

बायकांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. ईश्वरीने इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर मंदा आणि शालन यांच्यावर थांबली आणि ती जरा बिचकली.

"म्हण म्हण," मंदा म्हणाली. "आमचंच नाव घेणार असशील तर घे."

"काकू, आईने नुसतं 'जरा बर्फ आणा गं' म्हटलं, की सगळ्यांच्या आधी कोण उठतं?"

"ह्या दोघी," मागून कुणीतरी म्हणालं आणि शेडभर हसू पसरलं.

"का?"

"शेजारी बसून राहायचा कंटाळा," शालन म्हणाली. ती मंदाच्या देखत इतकं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"एवढंच आहे. बसून राहणंच त्रासाचं, त्यामुळे उठणं सोपं. त्या कड्याला सपाट राहणं त्रासाचं होतं, म्हणून ते वाकायला आधीच तयार असतं. आम्ही सगळे भूक मोजत बसलो आणि ही ढकलाढकली कुणी मोजलीच नाही. कारखान्याने मध्येच कच्चा माल बदलला. त्यात बाजूच्या कड्यातला नायट्रोजन खेटून नव्हता, दोन घरं पलीकडे होता. अणू तेवढेच, वजन तेवढंच, रंग तोच, भूकही तीच. त्यांच्या सगळ्या तपासण्यांत तो माल पास झाला, कारण काय तपासायचं हे मीच त्यांना सांगू शकले नव्हते."

"मग आता पक्का कागद होणार?" उज्ज्वलाने विचारलं. तिचा आवाज सरळ होता, पण हात थांबले होते.

"हो. पण फक्त तेवढंच नाही. का होतं ते कळलं, म्हणजे हवं तसं करता येतं. ढकलाढकली कमीजास्त करायची, कागदावरची मात्रा कमीजास्त करायची. आठवडाभर थांबवणारा कागद करता येईल. चार-पाच महिने थांबवणाराही करता येईल."

त्या रात्री उज्ज्वलाला झोप लागेना. उठून तिने विलासला जागं केलं.

"अहो, यंदा व्यापाऱ्यांनी कुठली फळं घेतली?"

"मोठी. एका मापाची. बारकी आणि वाकडी बाजूला काढली."

"पूर्वी घ्यायचे की."

"पूर्वी निम्मं फळ वाटेत जायचं, म्हणून मिळेल ते घ्यायचे. आता सगळंच टिकतंय, मग ते निवडून घेणार."

"म्हणजे बारकी फळं झाडावरच राहिली?"

"माझी तरी राहिली," विलास म्हणाला आणि मग उठून बसला. "अगं, सगळ्यांचीच राहिली."

सकाळी तिने ईश्वरीला ते सांगितलं, आणि मायलेकी गावात घरोघर गेल्या. झाडावर वाया जाणारी बारकी, वाकडी फळं शेडला द्यायची. ती कडक असतानाच तोडायची, लांब मुदतीच्या कागदात ठेवायची आणि रोज लागतील तेवढ्याच पेट्या उघडायच्या. पाडव्याच्या दिवशी ज्यांची फळं शेडने वाचवली होती, त्यांना फार सांगावं लागलं नाही. एकदोघांनी कुरकुर केली की इतका व्याप कोण करणार, तेव्हा विलास म्हणाला की पेट्या मी गोळा करीन.

पुढच्या हंगामात शेडला पहिल्यांदाच वेळापत्रक आलं. दिवाळी झाली, संक्रांत झाली, होळीच्या पुरणपोळीबरोबर बोरमाळमध्ये ताज्या सीताफळाची बासुंदी झाली, आणि तरीही मागच्या खोलीत गुलाबी झाकणांच्या थोड्या पेट्या शिल्लक होत्या. चौदा जणींना सहा महिने काम मिळालं, आणि तेही चहाची वेळ पाळून.

"पण मजा गेली," मंदा एकदा म्हणाली. "तेव्हा कशी झुंबड असायची. नवऱ्यानं जेवण मागितलं तरी वेळ नाही म्हणायचो. आता काय, कचेरीगत झालंय."

"कचेरीत पेन्शन असती," शालन म्हणाली.

उज्ज्वला हसली, पण मंदाचं म्हणणं तिलाही खरं वाटलं. ती झुंबड, तो गोंधळ, हातांची ती लगबग आता पुन्हा यायची नव्हती. त्याबद्दल हळहळ वाटायला सवड मिळाली होती, हेही काही कमी नव्हतं.

चैत्रात ईश्वरीचा फोन आला. कारखान्याला आता आंब्याचा कागद हवा होता. कोकणातल्या बागा, परदेशातली मागणी, मोठं काम. तिचा आवाज उत्साहाने भरला होता.

"हो म्हणालीस?" उज्ज्वलाने विचारलं.

"अजून नाही. म्हटलं, आधी तुला विचारावं."

"मला आंब्यातलं काय कळतंय? पण तिथं पिकून पडलेल्या आंब्यावर कुणाची तरी चूल चालत असेल. ते बघून घे."

"आंबापोळी करतात ना बायका. साठं. तू येशील माझ्याबरोबर?"

"कधी निघायचं?"

रत्नागिरीपासून आत, एका उतारावरच्या गावात दोघी सकाळी उतरल्या. उन्हात मांडवावर पत्रे टाकले होते आणि त्यांवर आंब्याचा रस पातळ पसरलेला होता, पिवळाधमक. सावलीला सात-आठ जणी अतिपिकल्या आंब्यांचा रस पिळत बसल्या होत्या. पाहुण्या बघून त्यांतली एक उठली आणि तिने हात पुसले.

"या. बसा वर. कुठून आलात?"

"पुरंदरहून," ईश्वरी म्हणाली. तिच्या पिशवीत माहितीपत्रकं होती, मोजायची यंत्रं होती, आणि काय बोलायचं तेही तिने गाडीत ठरवून ठेवलं होतं. पण ती थांबली आणि आईकडे बघू लागली.

उज्ज्वला ओट्यावर चढली नाही. तिने चप्पल काढली, रांजणावर हात धुतले, पदर खोचला आणि त्या बायकांच्या ओळीत जिथे फट दिसली तिथे जाऊन बसली.

"तुम्ही काय घाईत आहात ते मला दिसतंय," ती म्हणाली आणि समोरच्या ढिगातला एक आंबा उचलला. "हात चालू राहू द्या. माझी पोरगी एक कागद घेऊन आलीय. त्याने तुमचं काय होईल, ते पिळता पिळता बोलू."